गळती

मागच्या दिवाळीत मुलगा सुटीवर घरी आला, तेव्हा संगणकावर ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’ हा खेळ मांडून बसत असे. खेळ २०१३ सालचा, स्वीडनमध्ये तयार झालेला. कुतूहलाने मीही शेजारी बसलो. त्याची साठ हजारांची फौज एका डोंगराळ प्रांतात किल्ल्याला वेढा घालून उभी होती. लढाई नव्हती, तरी दर महिन्याला आकडा घसरत होता.

मी विचारले, “ही माणसे जातात कुठे?”

“बाबा, हा प्रांत एवढ्यांना पोसू शकत नाही.”

मग त्याने नियम समजावून दिला. प्रत्येक प्रांताची एक पुरवठा-मर्यादा असते. सुपीक, संपन्न प्रदेशात ती मोठी, ओसाड प्रदेशात लहान. तिच्याहून अधिक सैन्य उभे केले की दरमहा शेकडा काही माणसे गळतात. कडक हिवाळ्यात गळती वाढते. गळालेल्यांची जागा राज्याच्या मनुष्यबळाच्या साठ्यातून हळूहळू भरली जाते. त्यामुळे नकाशावर पलटणी तेवढ्याच दिसतात. साठा मात्र आटत जातो.

मराठी माणसाला येथे पानिपत आठवल्याशिवाय राहत नाही. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला, तेथे धान्यही मिळाले. परंतु त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीची वाट तुटली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि दुआबातील रसदेची आशा मावळली. छावणीत लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू आणि कुटुंबकबिलेही होते. १४ जानेवारी १७६१ रोजी जे सैन्य रणांगणात उतरले, ते उपासमारीने आधीच खचलेले होते.

मला मात्र त्याहून जवळचे काही आठवले. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ओडिशाच्या किनारपट्टीवर पूर आला असताना सुमारे दोन हजार माणसे मी एकाच शाळेत आणून ठेवली. देखरेख सोपी होईल, हा माझा हिशेब. तांदूळ, डाळ, ताडपत्र्या यांची चोख नोंद होती. कूपनलिका मात्र दोनच होत्या. चौथ्या दिवशी जुलाबाची साथ सुरू झाली. एक तान्हे मूल दगावले. दैनिक अहवालात ‘पुरात मृत’ या रकान्यात शून्य होते; त्या मुलाची नोंद ‘इतर कारणे’ या रकान्यात झाली. त्या अहवालावर माझी सही आहे.

आपल्या अहवालांत लढाईसाठी रकाना असतो, गळतीसाठी नसतो. म्हणून जे नुकसान एका दिवसात होते ते दिसते, आणि जे रोज थोडे थोडे होते ते कोणाच्याच नावावर पडत नाही.

त्यानंतर छावणीची जागा ठरविताना मी पहिला प्रश्न बदलला. ‘माणसे किती आहेत’ हे नंतर. येथले पाणी आणि शौचालये किती माणसांना पुरतील, हे आधी. उरलेल्यांसाठी दुसरी जागा शोधायची, मग देखरेखीचा त्रास वाढला तरी चालेल.

मुलाने वेढ्यापुरती माणसे ठेवून उरलेली फौज शेजारच्या दोन प्रांतांत विभागली. पुढच्या महिन्यात आकडा स्थिर राहिला.

“हे तुला कोणी शिकविले?”

“कोणी नाही. आधी दोन फौजा अशाच घालवल्या ना, बाबा.”

खेळात जतन केलेला डाव पुन्हा उघडता येतो. मी काही बोललो नाही.