एक तवा, सात माणसं

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत न्यू जर्सीला राहतो. मे महिन्याच्या सुट्टीत मी पहिल्यांदाच त्याच्याकडे गेले होते. भाचीचा सोळावा वाढदिवस होता. ती म्हणाली, "फुफी, आज हिबाची खायला जायचं."

मी हायस्कूलमध्ये उर्दू आणि मराठी शिकवते. नवा शब्द कानावर पडला की आधी त्याचा अर्थ शोधते. हिबाची म्हणजे आगीचं भांडं. राखेत निखारे ठेवायचे, त्यावर हात शेकायचे, चहाची किटली ठेवायची. आपली शेगडीच ती, उर्दूतली अंगीठी. आमच्या आजीची होती तशी.

पण हॉटेलात पाहते तर शेगडी कुठेच नाही. टेबलाच्या मधोमध भलामोठा लोखंडी तवा, तीन बाजूंनी खुर्च्या आणि चौथ्या बाजूला उंच टोपी घातलेला आचारी. या पद्धतीचं जपानी नाव तेप्पान्याकी. तेप्पान म्हणजे लोखंडी पत्रा आणि याकी म्हणजे भाजणं. दुसऱ्या महायुद्धानंतर कोबे शहरातल्या मिसोनो या हॉटेलात ती सुरू झाली असं मानतात. अमेरिकेत ती लोकप्रिय केली रॉकी आओकी या जपानी कुस्तीगिरानं. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आइस्क्रीमची गाडी चालवून त्यानं पैसे जमवले आणि १९६४ मध्ये 'बेनिहाना' नावाचं हॉटेल काढलं. गिऱ्हाइकासमोरच शिजवायचं, उलथनी हवेत फेकायची, कांद्याच्या चकत्या एकावर एक रचून त्यातून जाळ काढायचा. लोकांना हा तमाशा आवडला. पुढे कधीतरी तव्यालाच तिकडे शेगडीचं नाव चिकटलं.

या हॉटेलांत एक गोष्ट आपल्याला नवीन वाटते. आपण चौघं असलो तरी टेबल आपलं नसतं. उरलेल्या खुर्च्यांवर अनोळखी माणसं येऊन बसतात आणि सगळ्यांचं जेवण एकाच तव्यावर होतं. आमच्या शेजारी एक कृष्णवर्णीय आजी, तिची लेक आणि आठ-नऊ वर्षांचा नातू बसले. सात माणसं, एक तवा.

इथलं मटण-चिकन हलाल नव्हतं, म्हणून आम्ही कोळंबी आणि भाज्या सांगितल्या. त्यातही घरातच दोन पंथ. आम्ही कोकणी शाफई, आम्हाला कोळंबी बिनदिक्कत चालते. भाभी हैदराबादची, हनफी. कोळंबीबद्दल त्यांच्यात दोन मतं आहेत, म्हणून ती खात नाही. तिनं सामन मासा सांगितला.

आचारी गाडी ढकलत आला आणि भाचीनं हात वर केला. "आम्ही मुसलमान आहोत. आमचं जेवण चिकनच्या आधी कराल का? तवा आधी धुवून घ्या, आणि कशातच दारू नको." साके आणि मिरिन या तांदळाच्या दारू जपानी स्वयंपाकात सर्रास वापरतात. तिनं सॉसचंही विचारलं. आचारी म्हणाला, तेरियाकीत मिरिन आहे, तुमच्यासाठी लसूण घातलेलं लोणी आणि मीठ-मिरी वापरतो.

मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या लोकांत कशाला हे? गप्प बसून भात खाल्ला असता.

गप्प बसायची मला जुनी सवय. बीएडला असताना आमचा वर्ग निरोपाच्या जेवणाला हॉटेलात गेला होता. सगळ्यांनी चिकन मागवलं. ते कुठलं, हे विचारायची मला लाज वाटली. "पोट बरं नाही" म्हणत मी दहीभात खाल्ला. शेजारच्या मैत्रिणीनं काळजीनं ओव्याची पुडी आणून दिली. खरं कारण तिला बऱ्याच वर्षांनी कळलं. ती हसली नाही. म्हणाली, "मला सांगावंसंही वाटलं नाही तुला?" त्याच वर्गात कोणी गुरुवार करायचं, कोणी संकष्टी, कोणी श्रावणात कांदा-लसूण सोडायचं. ते सगळे मोकळेपणानं सांगायचे आणि मीच त्यांच्यासाठी वेगळी ताटं मांडायचे. मग माझं सांगणं मला जड का वाटावं?

इतक्यात शेजारची आजी म्हणाली, "बरं झालं मुली, तू विषय काढलास." नातवाला कोळंबीची अ‍ॅलर्जी होती. अंगावर गांधी उठायच्या, ओठ सुजायचे. तिलाही नातवाचं जेवण आधी करून हवं होतं, आमच्या कोळंबीच्या आधी. आणि आम्हाला त्याच्या चिकनच्या आधी!

आचारी दोन्हीकडे पाहत राहिला. म्हणाला, मुलाचं ताट आतून वेगळ्या भांड्यात करून आणतो. मुलाचा चेहरा पडला. तो तर जाळ बघायलाच आला होता.

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. "फुफी, कोळंबी राहू दे? सगळेच सामन घेऊ."

आता खरं सांगते, मला कोळंबीच हवी होती. कोकणातल्या बाईला कोळंबी सोड म्हणणं सोपं नाही. पण मुलगा माझ्याकडेच टक लावून बघत होता. मी मान हलवली.

"मासा चालतो ना त्याला?" भावानं विचारलं. आजी म्हणाली, खुशाल. मग आचाऱ्यानं तव्यावर पाणी ओतून तो दोनदा खरवडला, पुसला, उलथनी बदलली. आधी आमच्या भाज्या, भात आणि सामन. मग त्यांचं चिकन. पुढे तो साकेची बाटली घेऊन लोकांच्या तोंडात धार सोडत फिरला. आमच्याकडे येताना बाटली खाली ठेवली आणि मुलाला, भाचीला साध्या पाण्याची धार दिली. शेवटी कांद्याच्या डोंगरातून नुसत्या तेलावर जाळ काढला. मुलगा खुर्चीवर उभा राहून ओरडला. मी बिस्मिल्लाह म्हणून पहिला घास घेतला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. एक सर निवृत्त झाले, स्टाफचं जेवण चिपळूणच्या एका हॉटेलात ठरलं. या वेळी मी विचारलं, "इथलं मटण हलाल असतं का?" आवाज जरा कापलाच. सर म्हणाले, "थांबा बाई, विचारून येतो." दोन मिनिटांत परत आले. "तुमच्याच मोहल्ल्यातल्या दुकानातून येतं म्हणे."

म्हणजे रोज ज्या दुकानावरून मी शाळेत जाते, तेच मटण. त्या दिवशी मी दोनदा वाढून घेतलं.