मेंढा-लेखाची सभा

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याने सुमारे तीस किलोमीटर गेले की मेंढा-लेखा लागते. शंभरेक घरांचे गोंडांचे गाव. आम्ही गेलो ते तिथली ग्रामसभा कशी चालते, हे समजून घ्यायला.

'गाव' म्हटले की आपल्या मनात अढी असतेच. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याला अज्ञान, संकुचितपणा व जातीयतेचे आगर ठरवले. म्हणून जंगलाचा कारभार ग्रामसभेकडे द्या असे कोणी म्हटले की आपण विचारतो, त्या सभेत आम्हाला कोण बसू देणार?

मेंढ्यात बहुमत चालत नाही. एकाचाही विरोध असला तर निर्णय थांबतो, सभा पुन्हा बसते. सभेला घरातला पुरुष हवा तशी बाईही हवी. कायद्याचे कागद अभ्यासगटात आधी वाचतात. पण ठरवायचे ते सभेनेच. भिक्खू संघात महत्त्वाचा ठराव तीनदा मांडत आणि कोणी हरकत घेतली नाही तरच तो संमत होई, त्याची आठवण झाली. (संघाच्या सभानियमांचा दाखला बाबासाहेबांनीच २५ नोव्हेंबर १९४९ ला दिला होता.)

इथला बांबू पूर्वी सरकारी करारावर कागद गिरणीला जाई. २००६ च्या वनहक्क कायद्याने २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा परवाना वनखात्याच्याच हाती! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. मग ग्रामसभेने स्वतः बांबू विकला.

पण मेंढा एकाच समाजाचे गाव. मिश्र वस्तीत काय? कायद्याला सर्वसहमती लागत नाही; वनहक्काच्या सभेला निम्मे सभासद आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश बाया असल्या की झाले. एवढ्याने आपला आवाज पोचेल असे आम्हाला वाटत नाही. आपल्या बाया-माणसांनी सभेत हजर राहून हरकत लिहून घ्यायला लावली, तरच पोचेल.

आणखी एक. जंगलालगतची आपली बौद्ध कुटुंबे या कायद्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून येतात. त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही त्यात चालते. पण ते एकट्याने पुरत नाही, जोडीला आणखी एखादा कागद लागतो.