अंगठा जुळत नाही

बँकेत वीस वर्षं काढली की माणसाचे चेहरे दिसेनासे होतात आणि सह्या दिसू लागतात. लग्नाच्या पंगतीत शेजारचा गृहस्थ ‘ओळखलंत का?’ म्हणतो, तेव्हा मला त्याचं नाव आठवत नाही. पण त्याच्या सहीतल्या ‘र’चं पोट सुटलेलं आहे आणि खाली दोन टिंबं आहेत, हे लख्ख आठवतं. ‘हा तोच का?’ या एका प्रश्नावर आमचं पोट चालतं. हाच प्रश्न विचारून पोट भरणारी आणखी एक जमात आहे, हे मला जव्हारला बदली झाल्यावर कळलं. ती जमात बुरशी ओळखते.

जव्हार म्हटल्यावर सौ.ने कौतुकाने स्वेटर भरले होते. थंड हवेचं ठिकाण, मुकणे राजांचं संस्थान, जयविलास राजवाडा! पहिल्याच पावसाळ्यात स्वेटरांना मिशा फुटल्या. मोखाडा-खोडाळ्याकडे तर ढग गिऱ्हाइकासारखे दुकानात येऊन बसतात आणि काही न घेता जातात.

जुलैत इकडे भाताची आणि नागलीची लावणी. दिवसचे दिवस हातपाय चिखलात. पायांच्या बेचक्या पांढऱ्याफटक होऊन चिरतात, त्यांना चिखल्या म्हणतात. हातांची कातडीही सुरकुतून सोलते. अशा हाताने एक आजी पैसे काढायला आल्या. अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्र म्हणालं, जुळत नाही. पुसून ठेवला. जुळत नाही. तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर आजींनी यंत्र सोडून माझ्याकडे पाहिलं. ‘गेल्या महिन्यात मीच होते. आता मी नाही का रे?’

या प्रश्नाला परिपत्रकात उत्तर नाही. शेवटी जुन्या पद्धतीने शाईचा अंगठा, दोन साक्षीदार आणि ‘ही आमच्या पाड्यावरची’ असं सांगणारा आमचा शिपाई, एवढ्यावर आजी पुन्हा आजी झाल्या.

त्याच सुमारास माझ्या उजव्या हाताच्या बोटाला नखुरडं झालं होतं. दिवसभर ओल्या स्पंजावर बोट टेकवून नोटा मोजायच्या म्हणजे दुसरं काय होणार! शाखेजवळच्या डॉक्टरांकडे निघालो, तर आजींनी हात पुढे केला. बोटांच्या बेचकीत लाल चीर आणि भोवती पांढरी साय. मी त्यांनाही बरोबर घेतलं.

डॉक्टरांनी दोघांचंही थोडं थोडं खरवडून दोन काचांवर घेतलं, पोटॅशचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकात डोकावले.

‘कॅशियरसाहेब, तुमचा स्पंज आणि आजींचं शेत एकच. दोन्हीकडे यीस्ट.’

मी बी.कॉम. यीस्ट म्हणजे पाव, एवढंच ज्ञान. भिंगातून पाहिलं तर साबुदाण्यासारखे गोल दाणे आणि त्यांना कोंब. ‘ही बहुधा कॅन्डिडा अल्बिकन्स,’ डॉक्टर म्हणाले. कॅन्डिडा हे नाव १९२३ साली क्रिस्टिन बर्कहाउट या डच विदुषीने दिलं. कॅन्डिडा म्हणजे पांढरी आणि अल्बिकन्स म्हणजे पांढरी होत जाणारी. दोनदा पांढरी! धाब्यावरच्या ‘लेमनचं लिंबू सरबत’सारखंच हे.

धडधाकट माणसाच्या तोंडात, आतड्यात ही बुरशी निमूट राहते. खातं आहे, व्यवहार नाही. मधुमेह झाला, अँटिबायोटिकांनी शेजारचे जंतू मेले किंवा अंगात ताकदच उरली नाही, की व्यवहार सुरू. अशक्त बाळाच्या तोंडात पांढरा थर बसतो. दूध असेल तर पुसून निघतं, बुरशी सहज निघत नाही आणि निघाली तर खाली लालबुंद. जव्हार-मोखाड्यात कुपोषण हा शब्द कुणाला वर्तमानपत्रातून शिकावा लागत नाही. त्यामुळे हे सांगताना डॉक्टरही हसले नाहीत.

‘पण बहुधा का म्हणालात?’ मी धंद्याचा प्रश्न विचारला.

‘भिंगाखाली सगळ्या यीस्ट सारख्याच. सही तपासावी लागते.’

सही! मी खुर्ची पुढे ओढली. माणसाच्या रक्ताच्या पिवळट सीरममध्ये यीस्ट ३७ अंशांवर दोनतीन तास ठेवायची. अल्बिकन्सला सरळ नळीसारखा कोंब फुटतो, बुडाशी कुठे आवळलेला नाही. झाली सही पास. पण १९९५ साली डब्लिनमध्ये तिची एक बहीण सापडली, डब्लिनिएन्सिस. हुबेहूब तीच सही ठोकते! मग रंगीत खाद्यावर वाढवायचं. अल्बिकन्स हिरवी, ट्रॉपिकॅलिस निळी, क्रुसाय गुलाबी, अगदी आमच्या स्लिपांसारखी. शिवाय कुठली साखर पचते, कुठली नाही, हीही विचारपूस.

आता मोठ्या प्रयोगशाळांत प्रथिनांचं वजन करून दप्तरातल्या नमुन्यांशी ताडणारं यंत्र आहे. पण दप्तरात नमुनाच नसेल तर? २००९ साली जपानमध्ये सत्तर वर्षांच्या एका बाईंच्या कानात नवी यीस्ट सापडली. कान म्हणून ऑरिस. २०१३ साली दिल्लीच्या रुग्णांमधलीही प्रसिद्ध झाली. त्या काळात कित्येक स्वयंचलित यंत्रं तिला हिमुलोनी या भलत्याच यीस्टच्या नावाने पास करीत होती, कारण नमुना सहीच दप्तरी नव्हती. ऑरिस रुग्णालयात एकाकडून दुसऱ्याकडे पसरते आणि नेहमीच्या फ्लुकोनाझोलला बहुधा दाद देत नाही. क्रुसाय तर जन्मतःच देत नाही. म्हणजे नाव चुकलं की औषध चुकलं, आणि ही रक्तात शिरली असेल तर माणूस गेला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने घातक बुरशींची यादी काढली. तिच्या सर्वांत वरच्या गटात ऑरिस आहे आणि आमची दोनदा पांढरीही.

त्यातून या मंडळी नावं बदलतात. क्रुसायचं आता पिचिया कुद्रियावझेवी झालंय. २०२४ पासून ऑरिसही कॅन्डिडोझायमा म्हणवते. राजपत्र, प्रतिज्ञापत्र काही नाही!

‘आजींना एवढं काही लागत नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘साधं बुरशीचं मलम पुरे. आजी, आधी काही लावलं होतं?’

आजींनी कमरेच्या पिशवीतून एक चुरगळलेली ट्यूब काढली. बाजारातली, तीनचार औषधं एकत्र, त्यात स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज गेली, चौथ्या दिवशी दुप्पट आली. डॉक्टरांनी ती ट्यूब अशा तऱ्हेने टोपलीत टाकली, की मला खोटी नोट आठवली.

‘आता हात कोरडे ठेवायचे.’

आजी डॉक्टरांकडे बघत राहिल्या. बाहेर पाऊस कोसळत होता. ‘मग भात कोण लावेल? तू?’

डॉक्टर गप्प. मग म्हणाले, ‘संध्याकाळी धुवून बेचक्या पुसा, चुलीपाशी सुकवा, मग मलम लावा.’ माझ्याकडे वळून: ‘तुम्हांला तर भात लावायचा नाही. स्पंज बंद.’

तेव्हापासून मी कोरड्या बोटाने नोटा मोजतो. रांग लांबते, मागची मंडळी घड्याळं दाखवतात. गणपतीच्या आधी आजी आल्या. लावणी संपली होती. अंगठा पहिल्या झटक्यात जुळला. यंत्राकडे त्यांनी बघितलंही नाही. माझ्या बोटाकडे बोट दाखवून विचारलं, ‘तुझा सुकला का रे?’