नेम धरणे आणि नेम लागणे

मराठीत नेमाला दोन क्रियापदं आहेत. नेम धरतात आणि नेम लागतो. धरणारे आपण, लागणं हे आपल्याशिवाय इतर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून. आणि ज्याचा भरवसा नाही त्याच्याबद्दल आपण 'त्याचा काही नेम नाही' असंही म्हणतो! या सगळ्या अर्थांचा एकाच वेळी अनुभव घ्यायचा असेल तर एखाद्या खेळण्यातल्या रणगाड्याला लेझर लावून बघावा.

आमच्याकडे १/१६ मापाचा जर्मन 'टायगर' आहे, रिमोटवर चालणारा, हेंग लाँग या चिनी कंपनीचा. नळीसकट साधारण अर्धा मीटर लांब. टरेट फिरतो, नळी वर-खाली होते आणि तिच्यातून ६ मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे छर्रे उडतात. भाचा सुट्टीत आला की आम्ही दोघं हॉलमध्ये पुठ्ठ्याचे खोके मांडून बसतो. (वयाचा उल्लेख टाळावा, विशेषतः माझ्या.) त्याची मागणी होती, "मामा, याला लेझर लाव ना. लाल ठिपका जिथे, तिथेच गोळी!" त्यावर ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि डोळ्यात गेला तर?"

पुढचे दोन आठवडे मी या दोन वाक्यांमध्येच होतो. आधी ताईचं घेऊ, कारण तिचं आधी घ्यावं लागतं.

लेझरचा झोत बारीक असतो आणि आपल्या डोळ्यातलं भिंग तो आणखी बारीक करून दृष्टिपटलावर एका बिंदूत गोळा करतं. म्हणून एवढासा उजेडही पुरतो. लेझरचे धोक्यानुसार वर्ग असतात. वर्ग २ म्हणजे दिसणारा प्रकाश आणि जास्तीत जास्त १ मिलिवॉट. एवढा डोळ्यात गेला तर आपली पापणी पाव सेकंदात आपोआप मिटते आणि तेवढं संरक्षण पुरेसं धरलं जातं. बाजारात सहज मिळणारी पितळी मॉड्यूलं मात्र ५ मिलिवॉटची असतात, म्हणजे निदान लेबलवर तरी. अमेरिकेतल्या 'निस्ट' या मोजमापं करणाऱ्या सरकारी संस्थेने २०१३ मध्ये १२२ लेझर पॉइंटर तपासले. लालमधले ४४ टक्के आणि हिरव्यातले जवळपास ९० टक्के तिथल्या नियमात बसले नाहीत. स्वस्त हिरव्यात तर न दिसणारा इन्फ्रारेडही गळतो, आणि जे दिसतच नाही त्याला पापणी काय मिटणार? तेव्हा हिरवा बाद. लाल, वर्ग २ चं प्रमाणपत्र असलेला, जरा महाग पडला तरी तोच, हे ठरलं.

दुसरा मुद्दा मला जमिनीवर आडवं पडल्यावर लक्षात आला. या टायगरची तोफ जमिनीपासून साधारण १४ सेंटिमीटरवर आहे. उभ्या माणसाला त्याचा काही त्रास नाही. पण रांगणारं बाळ, मांजर आणि पोटावर झोपून खेळणारा भाचा, सगळ्यांचे डोळे त्याच सुमारास! खरं तर हा धोका छर्ऱ्यांचाही होताच, त्यासाठी चष्मे आम्ही पहिल्यापासून वापरतो. पण छर्रा एकदा भिंतीवर आपटला की संपला, लेझर कपाटाच्या आरशावरून परत येतो. म्हणून आरशावर चादर, खोक्यांच्या मागे जाड पुठ्ठा, आणि गॅलरीकडे तोंड करून लेझर लावायचा नाही.

हे वाचताना एक गोष्ट कळली ती सांगण्यासारखी आहे. माणसाला कायमचं आंधळं करण्यासाठीच बनवलेली लेझर शस्त्रं युद्धातही वापरू नयेत असा आंतरराष्ट्रीय करार १९९५ मध्ये झाला आणि १९९८ पासून लागू झाला. म्हणजे एकमेकांवर खरे तोफगोळे सोडायला निघालेल्या लोकांनीसुद्धा शत्रूच्या डोळ्यांपुरतं थांबायचं ठरवलं. मग आपण हॉलमध्ये थोडं थांबायला काय हरकत आहे?

आता भाच्याचं वाक्य. 'ठिपका जिथे, तिथेच गोळी.'

लेझर लावायचा कुठे, हा पहिला प्रश्न. नळीच्या आत जागा नाही, तिथून छर्रा जातो. नळीवर चिकटवला तर रणगाड्याला नळावरचा कावळा बसल्यासारखा दिसतो. मग मी खऱ्या टायगरचे फोटो बघत बसलो. तोफेच्या मुळाशी जे जाड कवच असतं, त्याच्या डाव्या बाजूला सुरुवातीच्या टायगरना दोन छोटी भोकं असायची. तोफ चालवणारा सैनिक त्यांतून अडीच पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीने बघायचा. खेळण्यातही ती भोकं अगदी जागेवर आहेत! आणि ते कवच नळीबरोबरच वर-खाली होतं. एक भोक थोडं मोठं केलं, मागे पितळी नळीचा तुकडा बसवला, त्यात लेझर, आणि तो किंचित हलवता यावा म्हणून बाजूंनी तीन बारीक स्क्रू. बॅटरीतून येणारा दाब लेझरला हवा तेवढा करणारी छोटी पट्टी मध्ये घातली. टरेट फिरतो, म्हणून वायर मऊ घेतली आणि तिला ऐसपैस ढील ठेवली. स्विच टरेटवरच्या झाकणाखाली, म्हणजे लेझर लावायला रणगाड्याच्या मागे यावंच लागतं. जिथे त्या सैनिकाचा डोळा असे तिथून आता लाल ठिपका निघतो.

ठिपका सुरेख पडला. छर्रा त्याच्या खाली पडला. "मामा, लेझर खोटं बोलतोय!"

लेझर खोटं बोलत नाही, तो फक्त सरळ बोलतो. छर्रा सरळ जात नाही. समजा तो सेकंदाला ३० मीटर वेगाने निघाला. तीन मीटर जायला एक दशांश सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो साधारण ५ सेंटिमीटर खाली येतो. अंतर दुप्पट केलं, सहा मीटर, तर दुप्पट नाही, चौपट, म्हणजे २० सेंटिमीटर खाली! हवेचा अडथळा धरलाच नाही अजून. शिवाय लेझर नळीपासून दोन सेंटिमीटर डावीकडे आहे. तीन मीटरवर दोन्ही जुळवले तर सहा मीटरवर ठिपका दोन सेंटिमीटर उजवीकडे जातो. स्क्रू कितीही पिळा, ठिपका आणि छर्रा एका ठरावीक अंतरावरच भेटतात. ते अंतर आपण निवडायचं, आणि बाकी ठिकाणी फरक लक्षात ठेवायचा.

खऱ्या रणगाड्यांचं दुखणं हेच. आपला विजयंता नगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालयात बघायला मिळतो. त्याच्या तोफेशेजारी १२.७ मिलिमीटरची एक मशीनगन असे, केवळ अंतर मोजण्यासाठी. आधी तिच्या गोळ्या मारायच्या, त्या कुठे लागतात ते बघायचं, मग तोफ. पुढे लेझर आला, पण ठिपका दाखवायला नव्हे. आपल्या अर्जुनसारख्या रणगाड्यात तो अंतर विचारतो. दीड किलोमीटरवर जाऊन परत यायला प्रकाशाला सेकंदाचा एक लाखावा भाग लागतो, त्यावरून संगणक नळी किती उचलायची ते ठरवतो. रणांगणावर लाल ठिपका दाखवत बसणं म्हणजे 'मी इथे आहे' अशी हाक मारणंच की!

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. त्याने निम्मं ऐकलं. मग टेप आणली, फरशीवर खडूने दोन, तीन, चार, पाच मीटरच्या रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेवरून दहा-दहा छर्रे मारून वहीत लिहिलं: 'तीनवर बरोबर. पाचवर ठिपका डब्याच्या टोपणावर.' दोनवर छर्रा ठिपक्याच्या वर लागतो हे तर मी सांगितलंही नव्हतं, ते त्याने स्वतः शोधलं आणि मला गणित करायला लावलं! आता डबा मांडला की आधी विचारतो, "किती लांब आहे?" लेझर लावतो तो त्यानंतर.

मला वाटतं, लेझरसाठी घातलेले पैसे तिथेच वसूल झाले. दोघं एकमेकांच्या चष्म्यावर लक्ष ठेवून असतो. ताई मात्र अजूनही हॉलमध्ये येताना दारात थांबून "बंद आहे का रे?" असं विचारते. आम्ही झाकण उघडून दाखवतो. तिचं विचारणं मला तरी बरोबर वाटतं, आणि तिने ते सोडू नये.