आपलें मोल

स्नेह हा संसाराचा प्राण होय, हें कोण नाकारील? परंतु स्नेहापायीं मनुष्य स्वतःसच गहाण टाकूं लागला, म्हणजे त्या स्नेहाचें व्यसन होतें. माझ्या नात्यांतील एका भगिनीचे यजमान मद्याच्या आहारीं गेले होते. त्यांची मुद्रा प्रसन्न असली तर हिचा दिवस सुखाचा. ती उतरली कीं हिला अन्न गोड लागत नसे. ते कचेरींत गेले नाहींत, तर 'ताप आला आहे' असा निरोप हीच धाडी. त्यांना आपली गरज आहे, एवढ्यावरच तिनें आपली किंमत ठरविली होती.

अशा कुटुंबीयांसाठीं अमेरिकेंत १९५१ सालीं अल-अनॉन ही संस्था निघाली. तिची शिकवण साधी आहे: दुसऱ्याचें व्यसन आपण लावलेलें नसतें, तें आपल्या ताब्यांत नसतें व आपल्या हातून बरेंहि होत नाहीं. पुण्यास १९८६ सालीं निघालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्रानेंहि रुग्णाबरोबर त्याच्या पत्नीचा विचार केला.

हें उमगल्यावर तिनें खोटे निरोप धाडणें थांबविलें. ती वेळेवर जेवूं लागली. अर्धवट राहिलेलें सतारीचें शिक्षण तिनें पुनः आरंभिलें. माया उणी झाली नाहीं. कचेरीला उत्तर मात्र यजमानांनाच द्यावें लागलें.

माझाहि पिंड तिच्यासारखाच हळवा. म्हणून तिच्यापासून घेतलेला धडा मी जपून ठेवला आहे: कोणास आपली गरज असो वा नसो, आपलें मोल त्यावरून ठरत नाहीं.