एकाच कागदावरच्या दोन सह्या

चि. बंड्यास,


वटपौर्णिमेच्या तोंडावर तू घरच्या ग्रुपवर टाकलेला फोटो पाहिला. छत्रपती संभाजीनगरजवळचे ते पत्नीपीडित पुरुष, पिंपळाला उलट्या फेऱ्या मारणारे, 'हीच बायको पुन्हा नको' असं साकडं घालणारे. खाली तू लिहिलं होतंस, 'आता समानता आम्हाला हवी.' मामा हसले, काकांनी टाळ्या वाजवल्या. मी गप्प राहिले. मला जे म्हणायचंय ते मोबाइलवर मावणारं नाही, म्हणून हे पत्र.

आधी तुझी बाजू. ती माझ्याइतकी कुणाला ठाऊक असणार? तुझ्या बायकोने केलेल्या छळाच्या फिर्यादीत नवरा, सासू आणि नणंद अशी तीन नावं होती. त्यातली नणंद मी! तुझ्या लग्नानंतर चार वेळासुद्धा तुमच्याकडे मुक्कामाला न आलेली मी, शाळेतून रजा काढून अटकपूर्व जामिनासाठी कोर्टाच्या व्हरांड्यात बसले होते. वकील म्हणाले, "घाबरू नका ताई, आता सरसकट उचलत नाहीत." २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलंय, की सासरच्या छळाचं ४९८-अ कलम लागलं एवढ्यावरून अटक करू नका, आधी गरज आहे का ते तपासा. कलमाचा गैरवापर होतो हे न्यायालयालाही दिसलं होतं. कुणी ते नाकारलं तर तुझ्या बाजूने मी भांडेन.

आणखीही मान्य करते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात पुरुषावरच्या बळजबरीलाही लागू होणारं जुनं ३७७ कलम राहिलं नाही. सज्ञान पुरुषावर लैंगिक बळजबरी झाली, तर बलात्काराच्या कलमात त्याला जागाच नाही. आपल्या देशात आत्महत्या करणाऱ्या दर दहा माणसांत सात पुरुष असतात. ही दुखणी खरी आहेत.

पण त्यांचं खापर तू समानतेवर फोडतोस, तिथे माझं तुझं पटत नाही. ४९८-अ आलं १९८३ साली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही बातमी वाचली की आई पेपरची घडी घालून तो फडताळात ठेवायची, आपल्या हाती लागू नये म्हणून. ते कलम त्या फडताळातून आलंय.

तुझ्या बायकोची सगळी बाजू मला माहीत नाही. एवढं मात्र डोळ्यांनी पाहिलंय, की ती ऑफिसातून आली की पर्स ठेवून थेट ओट्यापाशी जायची आणि तू बूट काढून टीव्हीपाशी. तू एकटाच तसा नाहीस. २०१९ च्या सरकारी पाहणीत घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीस निघाले, तेही दिवसाला सरासरी ९७ मिनिटं. बायकांची मिनिटं होती २९९.

आता आपल्या दोघांचं. दोघांचा खर्च झेपणार नाही म्हणून मी डी.एड. केलं आणि तू इंजिनिअर झालास. पुढे बाबा गेले. महाराष्ट्राने १९९४ सालीच वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला होता, सगळ्या देशाला तो २००५ मध्ये मिळाला. माझं लग्न ९७ चं, म्हणजे हक्क माझा होताच. तरी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात मी हक्कसोडपत्रावर सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. 'बहिणीने भावाकडून घ्यायचं नसतं' एवढंच मावशी म्हणाली आणि तेवढं पुरलं.

त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, मी सोडलं आणि तू मिळवलंस. आज मला तो कागद वेगळा दिसतो. जमिनीबरोबर तुझ्या नावावर आणखी काय काय चढलं? आईचं दुखणं, लग्नाचं कर्ज, फ्लॅटचा हप्ता, आणि 'आता तू कर्ता' हे वाक्य. ते कधी कुणाला विचारून आलं नाही. म्हणूनच नोकरी गेली तेव्हा तू दोन महिने डबा घेऊन बागेत जाऊन बसलास, पण घरी सांगितलं नाहीस. तुमचं नवरा-बायकोचं भांडण मला वाटतं तिथून सुरू झालं. तिला राग नोकरी गेल्याचा नव्हता, रोज संध्याकाळी रिकामा डबा घासताना आपण फसवले जात होतो याचा होता.

ती लाज तुला कुणी शिकवली? माझ्या पाठवणीला तू हुंदके देऊन रडत होतास. मीच तुझा कान धरून म्हणाले, "पुरुषासारखा पुरुष आणि बाईसारखा रडतोस?" त्याची माफी मी आज मागते.

बायकांशी वैर न धरताही पुरुषांचं दुःख मांडता येतं, बंड्या. मुंबईत १९९३ पासून 'मावा' ही पुरुषांचीच संस्था बायकांवरच्या हिंसेविरुद्ध काम करते आणि मुलग्यांशी त्यांच्या मनातलं बोलते. पुण्यात विद्या बाळ यांच्या नारी समता मंचाने पुरुषांसाठी संवाद केंद्र काढलं. ज्यांना तू शत्रू समजतोस, त्यांनी तुझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती. एकदा जाऊन बस कुठेतरी. सोबत हवी असेल तर मी दाराबाहेर थांबेन.

केस चालू दे. खरंखोटं न्यायाधीश ठरवतील. लेकीची पोटगी मात्र चुकवू नकोस, ती बायकोशी असलेल्या भांडणाच्या हिशेबात धरायची नसते.

तुला समानता हवी ना? मग भाऊबीजेला ये. आईला मी सहा महिने माझ्याकडे नेते, औषधपाण्यासकट. फ्लॅटचा हप्ता थकला असेल तर तोही मांडून बसू. आणि ओवाळणीत साडी आणू नकोस, सातबाऱ्याचा उतारा आण. माझा वाटा मला परत हवाय. ओझं निम्मं घ्यायला निघालेय, तर वाटाही निम्मा घेईन.

येताना डबा आण रिकामाच. भरून देते.

तुझी,
ताई