तांबूचं बोकेपण

तांबू वयात आला हे आधी आमच्या नाकाला कळलं. तुळशीवृंदावन, बाबांच्या सायकलचं मागचं चाक, कोठीच्या खोलीतलं ज्वारीचं पोतं, जिथे उभा राहील तिथे शेपूट ताठ करून थरथरवायचा आणि मागच्या मागे फवारा सोडायचा. बोक्याच्या लघवीत फेलिनीन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं आणि टेस्टोस्टेरॉन वाढलं की तेही वाढतं. फिनेल मांजरांना विषारी, त्यामुळे आई गरम पाणी आणि साबणावरच भागवायची. वास मात्र हटायचा नाही.

पावसाळ्यात तळहातावर मावणारं ते पिल्लू दिवाळीनंतर घरात ठरेनासं झालं. सांगलीच्या गावभागात अजून थोडी कौलारू घरं आहेत. त्या कौलांवर रात्रभर त्याचं आणि पलीकडच्या वाड्यातल्या दांडग्या काळ्या बोक्याचं गुरगुरणं चालायचं. सकाळी कान फाटलेला, कधी पंजा सुजलेला. बोक्याच्या दाताची जखम वरून मिटते आणि आत पू धरते. एकदा तर त्याचा गाल लिंबाएवढा झाला. खेळणं थांबलं होतं. जेवायला यायचा तोही अर्धं लक्ष बाहेर ठेवून. मला त्याची फार दया यायची. एवढंसं पोर, आणि एक क्षण अंग टाकून झोपत नव्हतं.

ऑपरेशनचं ठरलं तेव्हा शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "अहो, मुक्या जिवाचं बोकेपण काढून घ्यायचं म्हणजे पाप हो." आई म्हणाली, "त्याचा कान बघा आधी, काकू."

बोक्याचं ऑपरेशन छोटं असतं. दोन बारीक छेद, बहुतेक वेळा टाकाही लागत नाही. तांबू टोपलीतून परत आला तो डोळे उघडे आणि नजर हरवलेली. भुलीत मांजराचे डोळे मिटत नाहीत. संध्याकाळी झोकांड्या खात उठला, तर आमची म्हातारी मनी त्याच्यावर फिस्कारली. त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास होता, तिच्या लेखी तो कुणी परकाच. दुसऱ्या दिवशी तीच त्याचं डोकं चाटत बसली.

बदल एका रात्रीत झाला नाही. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन एक-दोन दिवसांत उतरतं, पण अंगवळणी पडलेलं सावकाश सुटतं. शिवाय ऑपरेशननंतरही काही आठवडे बोक्यापासून मांजरी गाभण राहू शकते, म्हणून त्याला घरातच ठेवला. आधी फवारे थांबले, मग लघवीचा उग्रपणा गेला. कॅलिफोर्नियात पशुवैद्य बेंजामिन हार्ट यांनी 1973 साली ऑपरेशन झालेल्या मोठ्या बोक्यांच्या अशा नोंदी प्रसिद्ध केल्या होत्या: दहातल्या आठ-नऊ जणांचं फवारणं, भटकणं, मारामाऱ्या कमी होतात. काहींच्या लगेच, काहींच्या महिन्यांनी. तांबूचं भटकणं सगळ्यात शेवटी गेलं. माजावर आलेली मांजरी रात्री ओरडली की तो दारापर्यंत जायचा, कान टवकारायचा, आणि थोड्या वेळाने परत येऊन बाबांच्या पायाशी पडायचा.

मग तो पुन्हा खेळायला लागला! केरसुणीवर झडप, बाटलीच्या बुचामागे घरभर धाव. तो मंद होईल, कोपऱ्यात पडून राहील, असं सगळे म्हणत होते, आणि मला तीच धास्ती होती. पण पाली तो पूर्वीसारख्याच पकडतो. शिकारीचं वेड टेस्टोस्टेरॉनचं नव्हेच, ते मांजरपणाचं. मोठ्या बोक्यांचे गाल भरतात तसे त्याचे भरले नाहीत. चेहरा कोवळाच राहिला. पूर्वी मांडीवर घेतलं की निसटायचा, आता बाबा पेपर वाचत असले की पेपराखाली शिरून घुरघुरतो.

भूक मात्र वाढली. ऑपरेशननंतर मांजराच्या शरीराला पाव हिश्शाहून थोडं अधिकच अन्न कमी लागतं आणि खाण्याची इच्छा उलट वाढते. "भुकेलं आहे गं लेकरू," म्हणत आई वाटी भरायची. डॉक्टरांनी वजन केलं आणि भात बंद, उकडलेला मासा मोजून, असं बजावलं. आई ऐकते. तांबू स्वतःची वाटी संपवून मनीच्या वाटीशी जातो, म्हणून हल्ली दोघांना वेगळ्या खोल्यांत वाढावं लागतं.